मदत हवी आहे: गाडीत जादा मीटर बसवायचेत, फ्यूज बॉक्समधून सप्लाय नेमका कुठून घ्यावा?

नमस्कार मंडळी,

गाडी पेट्रोल हॅचबॅक, २०१३ची, वॉरंटी कधीच संपलेली. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर चर्चा कंपनीवर घसरते. डॅशबोर्डवर टेम्परेचरचा काटा नाही. इंजिन गार असलं की निळा दिवा, फार तापलं की लाल, मधलं काहीच कळत नाही. आईबाबा साताऱ्याला, त्यामुळे जाणं-येणं सारखं असतं. खंबाटकी घाटात ट्रकमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगताना कूलंट कुठवर चढलंय ते लाल दिवा लागायच्या आत कळायलाच हवं. म्हणून कूलंट टेम्परेचर आणि व्होल्टमीटर असे ५२ मिमीचे दोन मीटर आणलेत. प्रत्येकाला चार वायरी आहेत: कायम बॅटरी, चावीवरचा सप्लाय, पार्किंग लाइटचा सप्लाय आणि अर्थ.

एका ॲक्सेसरीजवाल्याकडे विचारलं. म्हणाला, "म्युझिक सिस्टिमच्या वायरीतून घेऊ साहेब, अर्ध्या तासात मोकळे." म्हणजे चालू वायर सोलायची, पीळ मारायचा आणि वर काळी टेप. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत त्या टेपचा डिंक सुटतो आणि डॅशबोर्डमागे सगळीकडे लोखंडी पट्ट्या आहेत. घरची माणसं बसतात त्या गाडीत हे चालणार नाही. कंपनीचं वायरिंग कापायचं नाही आणि प्रत्येक नव्या वायरीला स्वतःचा फ्यूज हवा, या दोन अटी पक्क्या आहेत.

म्हणून फ्यूज टॅप (मूळ फ्यूजच्या खाचेत बसतो, त्यात मूळ फ्यूज आणि नव्या वायरीचा फ्यूज असे दोन्ही बसतात) वापरायचं ठरवलंय. नाना पेठेत मिनी ब्लेड (छोट्या चपट्या पायांच्या) फ्यूजचे मिळाले, लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे टोक) आणि हीट श्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी) तपकीर गल्लीतून आणलं. वायर ०.७५ स्क्वेअर एमएम, टॅपमध्ये ३ अँपिअरचा फ्यूज. दोन्ही मीटर मिळून एक अँपिअरसुद्धा खाणार नाहीत.

टॅप कुठल्या बाजूने बसवायचा हे मी असं समजलोय, चूक असेल तर जरूर सांगा. मूळ फ्यूज काढायचा, चावी ऑन करायची आणि मल्टिमीटरने दोन्ही खाचा तपासायच्या. १२ व्होल्ट दाखवते ती आवक बाजू. टॅपचा जो पाय दोन्ही फ्यूजना सामाईक असतो तो त्या खाचेत जायला हवा. उलटा बसला तरी मीटर चालतात, पण मग नव्या वायरीचा करंटही मूळ फ्यूजमधूनच जातो.

खरी अडचण चावीवरच्या सप्लायची आहे. सिगारेट लायटरचा १५ अँपिअरचा फ्यूज हाताशी आहे, पण स्टार्टर मारताना तो सप्लाय तुटतो. मीटर बंद होऊन पुन्हा शून्यापासून चालू होतात. बॅटरी थकली आहे का, हे स्टार्टर मारताना व्होल्टेज किती खाली येतं त्यावरून कळतं आणि व्होल्टमीटर नेमका तेव्हाच आंधळा! स्टार्टर मारतानाही चालू राहणारे फ्यूज माझ्या गाडीत बहुतेक ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), इग्निशन कॉइल, एअरबॅग, एबीएस (ब्रेकची यंत्रणा) यांचे आहेत, आणि त्यांना मी हात लावणार नाही. उरतो फक्त "मीटर" लिहिलेला, म्हणजे गाडीच्या मूळ डॅशबोर्डच्या मीटरचा, १० अँपिअरचा फ्यूज.

तर त्या "मीटर"च्या फ्यूजवर टॅप लावणं कितपत बरोबर? की त्याच्यावरून फक्त रिलेची (छोट्या करंटवर चालणाऱ्या विद्युत स्विचची) कॉइल चालवावी (ती जेमतेम दीडशे-दोनशे मिलिअँपिअर घेते) आणि नव्या मीटरचा सप्लाय बॅटरीवरून, टर्मिनलजवळ फ्यूज लावून, वेगळा आणावा? रिलेमुळे मूळ सर्किटवर भार पडत नाही हे पटतं. पण एवढ्याशा लोडसाठी फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) आणखी एक वायर आत आणायची आणि आमच्या पार्किंगमध्ये उंदीर आहेत. ज्यांनी दोन्ही करून पाहिलंय त्यांचं मत फार मोलाचं ठरेल.

पार्किंग लाइटला डाव्या-उजव्या बाजूचे वेगळे फ्यूज आहेत, त्यातला कुठलाही चालेल ना? कायम बॅटरीसाठी रूम लॅम्पचा घेतोय.

दुसरी शंका अर्थिंगची. टेम्परेचरचा सेन्सर एका वायरीचा आहे आणि तो रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये ॲडॉप्टर घालून बसवायचा आहे. दोन्हीकडे रबर असल्यामुळे ॲडॉप्टरला आपोआप अर्थ मिळणार नाही, त्याला वेगळी वायर लागेल. ती इंजिन ब्लॉकच्या बोल्टवर घ्यावी, की मीटरची अर्थ जिथे आहे तिथेच बॉडीवर? दोन ठिकाणी घेतली तर रीडिंगमध्ये फरक पडतो का?

शेवटचं, टॅप लावल्यावर फ्यूज बॉक्सचं झाकण बसत नाही. ते उघडंच ठेवता, की बुटका टॅप मिळतो? आणि कोथरूड-कर्वेनगर बाजूला लग क्रिम्प करून, सर्किट तपासून काम करणारे कुणी ऑटो इलेक्ट्रिशियन माहीत असतील तर कृपया व्यनि (खाजगी निरोप) करा. वायरिंग मी केलं तरी बॅटरी जोडण्याआधी एकदा जाणकाराच्या नजरेखालून घालायचं आहे.