चौघांच्या पोकरमध्ये राजा-पंजी खेळायची की टाकायची?

काजूबियावाला (फोंडा)
चवथीची दुसरी रात्र. आरत्या आटपल्या, एकेक जण झोपायला गेला आणि नऊ जणांचा डाव चौघांवर आला. आमच्याकडे पैसे नसतात, सालासकट सुक्या काजूबिया असतात. ब्लाइंड, म्हणजे पाने बघण्याआधीच दोघांनी लावायच्या बिया, एक आणि दोन. पहिल्याने पाने टाकली. मी बटनावर, म्हणजे वाटणाऱ्याच्या जागी, हातात इस्पिकचा राजा आणि चौकटची पंजी. नऊ जण असते तर दुसऱ्यांदा बघितलीही नसती. चौघांत पाच बिया केल्या. छोटा ब्लाइंड गेला, मोठ्या ब्लाइंडला काका, त्यांनी भरल्या. फ्लॉप, म्हणजे सगळ्यांसाठी मधे उघडलेली पहिली तीन पाने: राजा, नव्वी, चौकी. मी सहा लावल्या, टर्नला (चौथं पान) दुर्री आली तेव्हा पंधरा, काका भरत गेले. रिव्हरला (पाचवं, शेवटचं पान) सत्ती. काकांनी स्वतःहून तीस सरकवल्या, मी भरल्या. त्यांनी राजा-दश्शी उलटली. छप्पन्न बिया गेल्या.

घरात सगळ्यांचं एकच, पंजी घेऊन रेज करणारा, म्हणजे बिया वाढवणारा, गाढव. मला पटत नाही. फेऱ्याला तीन बिया ब्लाइंडमध्ये जातात, नऊ जण असोत की चार. नऊ जणांत तो फेरा नऊ हातांत पुरा होतो, चौघांत चारच हातांत. म्हणजे तिथे हातामागे बीचा तिसरा हिस्सा, इथे पाऊण बी. एक्का-राजाची वाट बघत बसलो तर डबा आपोआप रिकामा होणार. सांगा, माझी चूक कुठे?

साखळीची वहिनी
पाच बिया पुढे केल्यास तिथेच. एक्का-राजाचीच वाट बघ असं कोण म्हणालं? पण राजा-पंजीत तुला हवंय काय ते तरी सांग. तीन फ्लॉपपैकी दोनदा तुझ्या कुठल्याच पानाची जोडी लागत नाही. लागली तर राजाची, आणि समोर राजाच निघाला तर त्याचं जोडपान, म्हणजे हातातलं दुसरं पान, तुझ्या पंजीहून मोठं असायचीच शक्यता जास्त. राजा-दश्शीविरुद्ध तू साधारण चारातून एकदा जिंकतोस. त्यापेक्षा बदामाची नव्वी-अठ्ठी खेळ. लागली तर लागली, नाही तर सोडायला जिवावर येत नाही. राजा दिसला की पुरुषांच्या हातून पानं सुटत नाहीत, हा माझा घरचा अनुभव.

बांद्याचा पाहुणा
तुम्हा गोंयकारांना फेब्रुवारी २०२० पासून कॅसिनोत खेळायला बंदी, पणजीत मांडवीच्या काठावरून बोटींचे दिवे तेवढे बघायचे. मी सीमेपलीकडचा, मला आत सोडतात. तिथला अनुभव असा की टेबलावर चार-पाच जण उरले की पॉट (मधे जमलेली रक्कम) लहान होतात आणि फ्लॉप पडला की कॅसिनो त्यातून आपला कट काढतो. कच्च्या पानांवर मिळणारा फायदा मुळात चिमूटभर, तोही कटात जातो. मी तर मोठं टेबल भरेपर्यंत चहा पीत बसतो.

काजूबियावाला (फोंडा)
भाऊ, आमच्याकडे कट कोण काढणार? आजी फार तर मूठभर बिया भाजायला उचलते. बोटीवरचं शहाणपण ओसरीवर कशाला?

म्हापशाचा हिशेबनीस
कट नाही हे बरोबर, बाब, पण ओसरीची भानगड वेगळीच आहे. तू तीन बियांसाठी पाच लावल्यास. नुसतं पळवून लावण्यावर बरोबरी साधायची तर आठातून पाच वेळा दोन्ही ब्लाइंड पळाले पाहिजेत. म्हणजे दोघांपैकी प्रत्येकाने दहातून जवळजवळ आठ वेळा पानं टाकायला हवीत. तुझे काका टाकतात? एकदा ब्लाइंड भरला की चवथीच्या रात्री कुठलाच काका पानं सोडत नाही. आणि खरं तर त्यांचंही बरोबरच आहे. समोर आठ बिया, भरायच्या तीन, म्हणजे २७ टक्के जिंकले तरी पुरे. सत्ती-दुर्रीसारखा भिकार हातसुद्धा कुठल्याही दोन पानांविरुद्ध शेवटपर्यंत नेला तर शंभरातून ३५ वेळा जिंकतो.

अर्थात हा हिशेब काकांनी भरल्यावर तुझ्या पदरात काहीच पडत नाही असं धरून केला. तू बटनावर, फ्लॉपनंतर सगळ्यांत शेवटी बोलणारा, त्यामुळे थोडं पडतं. म्हणून वहिनींसारखं मी त्या पाच बियांना गाढवपणा म्हणणार नाही. ब्लाइंडला पटापट पानं टाकणारे दोघे असते तर मी स्वतः केल्या असत्या.

पैसे, म्हणजे बिया, गेल्या त्या रिव्हरला. ५३ च्या पॉटवर काकांनी ३० लावल्या, तुला ३० भरून ८३ मिळवायच्या होत्या. दर चार वेळांत एकदाहून किंचित जास्त ते थाप मारत असतील तर भरणं ठीक. काकांनी आयुष्यात कधी थाप मारलीय?

साखळीची वहिनी
म्हणजे फिरून तेच. पंजी हातात ठेवली म्हणून रिव्हरपर्यंत गेला.

म्हापशाचा हिशेबनीस
राजा-नव्वी असती तर टर्नलाच डबा ओतला असता. पानं चांगली असोत की कच्ची, काका भरत चाललेत हे त्याला टर्नलाच दिसायला हवं होतं.

काजूबियावाला (फोंडा)
थाप कधीच मारलेली नाही. उलट आत्ता आठवलं, तीस बिया सरकवायच्या आधी त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला होता. मला वाटलं, झोप आली.

साखळीची वहिनी
पानं टाकली असतीस तर चष्मा कोणी पुसला ते बघायला मोकळा होतास.