एकाधिकारशाहीचं खरं चिन्ह कोणतं: डोळा, रेशन की अर्ज?

कोरडवाहू (लातूर)
चौकात सीसीटीव्ही लागला की व्हॉट्सॲपवर लगेच 'बिग ब्रदर आला' सुरू होतं. सगळ्यांवर पाळत ठेवणारा ऑर्वेलच्या कादंबरीतला तो सत्ताधीश, त्याचा डोळा आता पार गुळगुळीत झालाय. त्या '१९८४' कादंबरीतलं सगळ्यात भेदक चिन्ह माझ्या मते चॉकलेटचं रेशन आहे. आठवड्याचे तीस ग्रॅम होते, ते वीसवर येणार असतात. 'यंदा कपात नाही' हे जुन्या पेपरातलं आश्वासन नायक विन्स्टन स्वतः सरकारी कचेरीत बसून बदलतो. आणि लगोलग बातमी येते, की रेशन 'वाढवून' वीस ग्रॅम केलं म्हणून लोकांनी मोर्चे काढून आभार मानले! कँटीनमध्ये शेजारी बसलेला त्याचा शेजारी पार्सन्स ते निमूट गिळतो.

त्याच कादंबरीत सत्तेचा शत्रू ठरवलेल्या गोल्डस्टाईनचं पुस्तक सांगतं, की युद्ध चालू ठेवायचं ते जास्तीचा माल संपवायला. लोकांना सुबत्ता आणि सवड मिळाली तर ते विचार करायला लागतील. म्हणजे टंचाई हेच हत्यार. ते आपल्याला वेगळं शिकवायला नको. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांपाशी १४४ कलम लागलं होतं. पाचांहून जास्त माणसं जमायची नाहीत, तेही पाण्यापाशी.

गोदाकाठचा (नांदेड)
भाऊ, कुठलं कुठं जोडायलात! १४४ लागलं ते पाण्यावरून मारामाऱ्या होतील म्हणून. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेही सरकारनंच आणलं. गोल्डस्टाईन सांगतो ती टंचाई मुद्दाम केलेली असते. हा फरक सोडला तर नळाला पाणी न येणं हीसुद्धा हुकूमशाही ठरेल.

आणि डोळा गुळगुळीत कसा? विन्स्टनच्या खोलीत टेलिस्क्रीनच्या, म्हणजे पाळत ठेवणाऱ्या पडद्याच्या, नजरेआड असा एक कोनाडा असतो, म्हणून तर तो डायरी उघडतो. चॉकलेट नसलं तरी माणूस डायरी लिहील. कोनाडा नसला तर?

कोरडवाहू
मांजरा एकट्या आभाळानं कोरडं केलं का? एवढ्या कमी पावसाच्या मुलखात उसाला आणि कारखान्यांना मोकळं रान कुणी दिलं?

गोदाकाठचा
उसाला दर ठरलेला असतो म्हणून शेतकरी लावतो. आता त्यालाही बिग ब्रदर म्हणा.

नववी ब (परभणी)
दोघंही धाकावरच अडकलात. हक्सलेनं १९३२ सालीच दाखवलं की धाकाची गरजच नाही. त्याच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' कादंबरीत आठ महिन्यांची बाळं गुलाबांकडं आणि रंगीत चित्रांच्या पुस्तकांकडं रांगत जातात. हात लावला की भोंगे वाजतात, मग फरशीतून विजेचा झटका. मोठेपणी त्यांच्यावर पाळत कशाला? पुस्तकाचा तिटकारा आतच बसलेला, आणि मन उदास झालं तर सोमाची गोळी आहेच. मी शाळेत शिकवते. माझ्या वर्गातल्या पोरांच्या हातात रील आहेत, तोच सोमा.

गोदाकाठचा
बाई, हे फार सोपं झालं. त्याच मोबाईलवर गावातली पोरं पीकविम्याची यादी बघतात, बापाचं नाव आलं का म्हणून. सोमा घेतलेला माणूस यादी बघत नाही.

जुनं दप्तर (छत्रपती संभाजीनगर)
सगळेच लंडनात फिरायलेत. आपल्या आजोबांनी हे भोगलंय की. हैदराबादच्या निजामाचं परिपत्रक, गश्ती निशाण ५३, म्हणजे काय होतं? सभा घ्यायची तर आधी परवानगी काढा. त्याला ना डोळा लागला ना झटका, एका परिपत्रकावर भागलं. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये बंदी आली तेव्हा ती धड स्थापनही झाली नव्हती. कादंबरीत असं लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, लेखकानं जरा जास्तच केलं.

म्हणून माझं मत अर्जाला. ज्याला कुणाला विचारायचं काही कारण नाही, त्यासाठी हात जोडायला लावायचं. रशियन लेखक झाम्यातिनच्या 'वी' कादंबरीत घरं काचेची आहेत, ते सगळे सांगतात. पण पडदा ओढायला गुलाबी कुपन लागतं, तिथं खरी गोम आहे. ही कादंबरी सोव्हिएत रशियात १९८८ पर्यंत छापू दिली नाही, ते उगाच नाही.

गोदाकाठचा
दप्तरवाले, तुमच्या उदाहरणानं माझंच खरं ठरतं. बंदी घातली म्हणून काम थांबलं का? पुढं निजामाच्या सरहद्दीवर मुक्तिलढ्याच्या छावण्या उभ्या राहिल्याच. कारण निजामाला घराघरात बघता येत नव्हतं. नुसता अर्ज माणूस फाडून टाकतो. वर डोळा असला तर फाडायची हिंमत होत नाही.

कोरडवाहू
मग पार्सन्सला कुणी पकडून दिलं? टेलिस्क्रीननं नाही. झोपेत बडबडला, ते त्याच्या सात वर्षांच्या पोरीनं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सांगून आली. कोठडीत बसून तो म्हणतो, पोरीचा मला अभिमान आहे.

गोदाकाठचा
ती पोरगी म्हणजे डोळाच ना मग?

कोरडवाहू
कान. दाराच्या किल्लीच्या भोकाला लावलेला. नीट वाचा.

नववी ब
डोळा म्हणा नाहीतर कान म्हणा, सात वर्षांच्या लेकराला असं घडवलं कुणी? दोघंही फिरून माझ्याच मुद्द्यावर आलात.