जीआरईचे शब्द पाठ आहेत पण प्रश्नात चालत नाहीत, यादी वाढवू का?

अर्धविराम

नमस्कार मंडळी, जीआरईची (परदेशात पदव्युत्तर प्रवेशासाठी लागणारी परीक्षा) तयारी करतोय, परीक्षेला अजून तीनेक महिने आहेत. क्वांट म्हणजे गणिताचा भाग ठीक चाललंय, घोडं अडलंय ते व्हर्बलवर, म्हणजे इंग्रजी भाषेच्या भागावर. नेटवरून हजारेक शब्दांची यादी घेतली आणि ए पासून सुरुवात करून बराच पुढे आलोय, कार्ड समोर आलं की अर्थ धडाधड सांगता येतो, लॅकॉनिक म्हटलं की मितभाषी, ऑब्ड्युरेट म्हटलं की हटवादी, कुठे अडत नाही. पण टेक्स्ट कम्प्लीशन (रिकाम्या जागा भरा) सोडवायला बसलो की पर्यायातले सगळे शब्द ओळखीचे असूनही शेवटी दोघांत अडकतो आणि मग अंदाजपंचे. सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये (एकाच रिकाम्या जागेसाठी सारखा अर्थ देणारे दोन शब्द निवडायचे) एक बरोबर येतो, दुसरा चुकतो. मग प्रश्न असा की यादी अपुरी पडतेय का? काहीजण साडेतीन हजार शब्दांची यादी करा म्हणतात, काहीजण म्हणतात याद्या सोडा आणि लॅटिन-ग्रीक रूट्स (इंग्रजी शब्दांची मुळं) पाठ करा. ज्यांनी परीक्षा दिलीये किंवा शिकवतात त्यांनी जरा सविस्तर सांगाल का?

पानोपानी

यादी आत्ता अजिबात वाढवू नकोस. तू जे लिहिलंयस त्यातच उत्तर आहे, पर्यायातले शब्द ओळखीचे असतात म्हणतोस, म्हणजे अडचण शब्दसंख्येची नाहीच. कार्डावर शब्द दिसतो आणि तू अर्थ सांगतोस, परीक्षेत नेमकं उलट असतं, वाक्य अर्थ देतं आणि शब्द तुला शोधायचा असतो. पूर्वी जीआरईत विरुद्धार्थी शब्द आणि अ‍ॅनॉलॉजी (शब्दांच्या जोड्यांतलं नातं ओळखणं) असायचे, तेव्हा सुटा अर्थ पाठ असला की बरंच भागायचं. २०११ च्या बदलात ते दोन्ही प्रकार गेले, आता शब्द विचारला जातो तो वाक्यातच, पण बऱ्याच याद्या अजून त्या जुन्या वळणाच्याच फिरतायत.

एक सवय लाव. प्रश्न आला की पर्याय हाताने झाकायचे, खरंच झाकायचे, आणि रिकाम्या जागी काय हवंय ते आधी आपल्या मराठीत म्हणायचं. समजा वाक्य असं आहे: त्या समीक्षकाने पुस्तकाची स्तुती केली खरी, पण ती इतकी ____ होती की लेखकाला ती टीकाच वाटली. इथे 'पण' ने दिशा फिरवली, 'टीकाच वाटली' ने काय हवंय ते सांगितलं, म्हणजे रिकाम्या जागी 'हातचं राखून केलेली' असं काहीतरी पाहिजे. एवढं मनात पक्कं झालं की मग हात काढायचा. पर्याय आहेत इफ्युसिव्ह (भरभरून), सिन्सिअर (मनापासून), क्वालिफाइड, एलोक्वंट (ओघवती), व्होसिफरस (आरडाओरडा करणारी). उत्तर क्वालिफाइड, इथे त्याचा अर्थ हातचं राखून केलेली. ज्याने आधी पर्याय वाचले तो क्वालिफाइड म्हणजे पात्र म्हणून पुढे जातो आणि सिन्सिअर की एलोक्वंट यात घुटमळत बसतो, कारण स्तुतीच्या शेजारी ते दोन्ही छान शोभतात. पर्याय रचलेलेच तसे असतात, वाक्याच्या विषयाला शोभतील पण तर्काला बसणार नाहीत असे.

दोन-तीन रिकाम्या जागांच्या प्रश्नात तर हे जास्तच लागतं, कारण तिथे अर्धे मार्क नाहीत, सगळ्या जागा बरोबर आल्या तरच मार्क. आणि पहिली जागा आधी भरलीच पाहिजे असं काही नाही, जिथे सुगावा स्पष्ट आहे तिथून सुरू करायचं.

तळटीप_वाली

पानोपानी यांनी क्वालिफाइडचं उदाहरण दिलं तोच धागा पकडून सांगते, कारण मला स्वतःला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि लोक त्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. सगळेजण अवघड दिसणाऱ्या शब्दांच्या मागे असतात आणि परीक्षा पकडते सोप्या शब्दांच्या दुसऱ्या अर्थावर. बिट्रे म्हणजे विश्वासघात करणे हे सगळ्यांना माहीत, पण तिच्या आवाजाने भीती बिट्रे केली नाही म्हणजे भीती उघड होऊ दिली नाही. चेक म्हणजे रोखणे, अरेस्ट म्हणजेही थांबवणे, टेम्पर म्हणजे सौम्य करणे, फ्लॅग म्हणजे उत्साह ओसरणे, वाँट म्हणजे उणीव, हजबंड हे क्रियापद म्हणून आलं तर जपून वापरणे, पेडेस्ट्रियन लेखन म्हणजे रटाळ लेखन. ऑब्टेन म्हणजे नियम किंवा परिस्थिती लागू असणे, हा अर्थ तर बऱ्याच जणांनी ऐकलेलाही नसतो. आणि सँक्शनला परवानगी आणि दंडात्मक बंदी असे दोन्ही अर्थ आहेत, कुठला घ्यायचा ते फक्त वाक्यच सांगतं.

यांची वेगळी वही कर. हे शब्द आपल्याला येतात असं वाटत असतं म्हणून त्यांचं कार्ड कधी बनतच नाही.

दुसरा गट म्हणजे फसव्या तोंडाचे शब्द. एनर्व्हेट ऐकून वाटतं एनर्जी देणे, अर्थ आहे गळाठून टाकणे. रेस्टिव्ह म्हणजे निवांत नाही, उलट अस्वस्थ आणि बिथरलेला. नॉइसमचा आवाजाशी संबंध नाही, घाणेरडा वास. मेरिट्रिशसमध्ये मेरिट ऐकू येतं पण अर्थ भपकेबाज आणि पोकळ. पल्क्रिट्यूड कानाला ओबडधोबड लागतो आणि अर्थ सौंदर्य! डिसइंटरेस्टेड म्हणजे रस नसलेला असं धरून बसलात तर निःपक्षपाती न्यायाधीशाच्या वाक्यात गोंधळ झालाच म्हणून समजा.

सातत्य

वरच्या दोघांशी सहमत, पण यादी नकोच असा सूर निघत असेल तर मला तो पटत नाही. शब्दच माहीत नसेल तर वाक्याचा तर्क कितीही लावा, पाच अनोळखी चेहऱ्यांतून निवड कशी करणार? हजार शब्द ही चांगली बैठक आहे, ती टाकू नका, फक्त लावण्याची पद्धत बदला.

एक तर ए पासून झेडपर्यंत हा क्रम मोडा. त्या क्रमात एका ठेवणीचे शब्द लागोपाठ येतात आणि डोक्यात एकमेकांवर चढतात, इन्जिनिअस (कल्पक) आणि इन्जेन्युअस (भाबडा) हे त्याचं ठळक उदाहरण. त्याऐवजी अर्थाचे गट करा. बोलण्याचा गट घेतला तर कमी बोलण्याच्या टोकाला टॅसिटर्न, लॅकॉनिक, रेटिसंट आणि जास्त बोलण्याच्या टोकाला लोक्वेशस, गॅर्युलस, व्हर्बोस. गट केला की बारीक फरक आपोआप दिसायला लागतात, टॅसिटर्न हा माणसाचा स्वभाव, लॅकॉनिक उत्तरही असू शकतं, गॅर्युलसमध्ये फालतू बडबडीचा ठपका आहे. दोघांत अडकतो म्हणताय ना, तो निर्णय नेमका याच फरकावर होत असतो. प्रत्येक शब्दाला अधिक, उणे किंवा तटस्थ अशी खूणही करून ठेवा, अर्थ अर्धवट आठवला तरी छटा आठवते आणि निम्मे पर्याय तिथेच गळतात.

दुसरं म्हणजे उजळणी. यादी पुन्हा पुन्हा वाचणं ही उजळणी नाही, डोळे ओळखतात आणि मनाला वाटतं आलं. आठवायला जोर लावावा लागला पाहिजे आणि तोही मध्ये दिवस सोडून. एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ सालीच विसरण्याचा आलेख मांडला होता, सुरुवातीला झपाट्याने विसरतो आणि मग वेग मंदावतो, म्हणून पहिली उजळणी लवकर आणि पुढच्या लांब लांब अंतराने. अँकी हे अ‍ॅप याच तत्त्वावर चालतं, कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे. पण दुसऱ्याचा तयार डेक (कार्डांचा संच) डाउनलोड करून बसू नका, कार्ड स्वतः बनवा, आणि पुढच्या बाजूला शब्द नाही तर रिकामी जागा असलेलं वाक्य टाका. वेळ जातो, मान्य. पण वाक्य शोधण्यात आणि लिहिण्यातच अर्धा शब्द पक्का होतो.

रूट्सबद्दल: कामाचे आहेत, पण आधार म्हणून, निकाल म्हणून नाही. लोक् म्हणजे बोलणं हे कळलं की लोक्वेशस, एलोक्वंट, सर्कमलोक्यूशन एका माळेत येतात. पण पेडेस्ट्रियनमधला पेड पायाचा आणि पेडॅगॉगमधला पेड मुलाचा, तिथे रूटवर विसंबलात की गेलात.

अर्धविराम

बापरे, खूप मिळालं, तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री पर्याय झाकून एक सेट केला. वेळ जास्त लागला पण चुकलं कुठे ते पहिल्यांदाच दिसलं, बऱ्याच ठिकाणी मी 'पण', 'तरी', 'उलट' असे शब्द नजरेआड करून पुढे पळतोय. आता सेंटेन्स इक्विव्हॅलन्सचं सांगा ना, तिथे समानार्थी जोडी शोधायची आणि टिक करायची हीच युक्ती सगळीकडे सांगतात, मग ती का फसते?

पानोपानी

कारण ती युक्ती सगळ्यांना माहीत आहे, प्रश्न काढणाऱ्यांनाही. सहा पर्यायांत जोडी एकच असेल असं नाही. हे बघ: तिच्या आधीच्या कादंबऱ्या पसरट होत्या, त्यामुळे ही नवी कादंबरी इतकी ____ निघावी याचं वाचकांना नवल वाटलं. पर्याय टर्स (आटोपशीर), प्रोलिक्स (पाल्हाळिक), पॉइन्यंट (मनाला चटका लावणारी), व्हर्बोस (शब्दबंबाळ), सक्सिंक्ट (संक्षिप्त), ट्राइट (घासून गुळगुळीत झालेली). प्रोलिक्स आणि व्हर्बोस ही घट्ट जोडी आहे आणि पसरटशी नातंही आहे, घाईत असलेला तिथेच टिक करतो. पण 'नवल' म्हणतंय उलटं हवंय, म्हणून टर्स आणि सक्सिंक्ट. पॉइन्यंट सुटा टाकून बघितला तर वाक्य छान वाचता येतं, पण त्याला साथीदार नाही, दोन वाक्यांचा अर्थ सारखा व्हायला हवा ही अट तो मोडतो. तेव्हा आधी वाक्य, मग जोडी. दोन्ही शब्द बरोबर असले तरच मार्क मिळतो, एकावर काही नाही, तुझे मार्क तिथेच गळतायत.

तळटीप_वाली

एक राहिलं, वाचन. व्हर्बलचे साधारण निम्मे प्रश्न रीडिंग कॉम्प्रिहेन्शनचे असतात, तिथे शब्दाचा अर्थ थेट विचारतात ते क्वचित, पण लेखकाचा सूर ओळखायला तेच शब्द लागतात. विज्ञान, इतिहास, कलासमीक्षा असल्या विषयांवरचे इंग्रजीतले लांब लेख रोज एक वाच, ज्या विषयात तुला रस नाही तो मुद्दाम निवड, कारण परीक्षेत उताऱ्याची निवड तुझी नसते. वाचताना डिक्शनरी लगेच उघडायची नाही, शब्दाखाली रेघ मारायची, अंदाज लिहायचा, लेख संपल्यावर ताडून बघायचं. लेखात भेटलेला यादीतला शब्द दिसला की ते वाक्य जसंच्या तसं कार्डावर घे, सातत्य म्हणतायत त्या कार्डांना वाक्यं इथूनच मिळतील, बनवत बसावी लागणार नाहीत.

सातत्य

हो, हे उत्तम. वेळेचंही सांगून ठेवतो, २०२३ च्या सप्टेंबरपासून परीक्षा आखूड झालीये, व्हर्बलचे दोनच भाग, पहिल्यात १२ प्रश्न १८ मिनिटांत आणि दुसऱ्यात १५ प्रश्न २३ मिनिटांत. म्हणजे प्रश्नाला सरासरी दीड मिनिट, त्यात उतारेही आले. पहिल्या भागात कसं केलं त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते, तेव्हा सुरुवातीला हयगय नको. पर्याय झाकायची सवय आत्ता वेळ खाईल, खाऊ दे, महिनाभर घड्याळ बाजूला ठेव आणि मग वेळ लाव. निगेटिव्ह मार्किंग नाही त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही, अडलास की मार्क करून पुढे जा, त्याच भागात परत येता येतं. आणि परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या पॉवरप्रेप नावाच्या ज्या दोन फुकट सराव टेस्ट आहेत त्या आत्ता सरावात उडवू नकोस, एक महिनाभर आधी दे आणि एक शेवटच्या दहा दिवसांसाठी राखून ठेव.

अर्धविराम

ठरलं, यादी तिथेच थांबवतो आणि आहेत त्या शब्दांचे गट पाडायला घेतो, सुरुवात बोलण्याच्या गटापासून. तळटीप ताई, त्या दुसऱ्या अर्थाच्या शब्दांची तुमच्याकडे अजून भर असेल तर इथेच टाकत राहाल का? मी माझ्या वहीतले जोडत जातो.

तळटीप_वाली

टाकते की. आजचे घे: पार्शल म्हणजे एखाद्या गोष्टीची विशेष आवड असलेला, चॅम्पियन क्रियापद म्हणून एखाद्या मताची बाजू लढवणे, इकॉनॉमी म्हणजे काटकसर (शब्दांचीसुद्धा), आणि डिस्क्रिमिनेटिंग वाचक म्हणजे चोखंदळ वाचक. चारही शब्दांची वाक्यं आधी तू करून टाक, मग मी बघते.