२०१२ चा सप्टेंबर: एकाच बर्फाचे तीन आकडे, बरोबर कोणता?

आकडेमोड
मंडळी, आर्क्टिकमधल्या समुद्रबर्फाच्या विक्रमी नीचांकासाठी, म्हणजे सप्टेंबर २०१२ साठी, संशोधनाच्या पेपरांमधून (शोधनिबंधांतून) एनएसआयडीसीचेच, म्हणजे अमेरिकेतल्या राष्ट्रीय हिम-बर्फ माहिती केंद्राचेच, तीन आकडे भेटतात: ३४.१ लाख, ३३.९ लाख आणि ३५.७ लाख चौरस किलोमीटर. तिन्ही ठिकाणी शब्द एकच, ‘व्याप्ती’. शिवाय ‘क्षेत्र’ म्हणून याहून बराच लहान चौथा आकडा असतो तो वेगळाच. पेपर हातात घेतल्यावर आधी काय तपासायचं? आणि मूळ डेटा उतरवून आलेख काढायचा असेल तर कुठे चुकतं?

हिमरेषा
तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त मोजलेली गोष्ट वेगळी आहे.

३४.१ लाख हा त्याच वेळी, १६ सप्टेंबरच्या तारखेसह जाहीर झालेला प्राथमिक आकडा. पुढे अंतिम प्रक्रिया झालेल्या डेटावरून तो ३३.९ लाख झाला आणि तारीखही १७ सप्टेंबर झाली. हे दोन्ही पाच दिवसांच्या सरासरीवरून काढलेले रोजचे नीचांक. ३५.७ लाख ही अख्ख्या सप्टेंबरची सरासरी, म्हणून ती जास्त असणारच.

जुन्या पेपरांत याच महिन्यासाठी ३६ लाखांच्या पुढचा आकडा दिसला तर दचकू नका. २०१७ मध्ये सरासरी काढायची पद्धत बदलली. उपग्रहाच्या नकाशाचे चौकोन पाडलेले असतात आणि ज्या चौकोनात किमान १५ टक्के बर्फ, तो पूर्ण व्याप्तीत धरतात. आधी प्रत्येक चौकोनातल्या बर्फाच्या प्रमाणाची महिन्याची सरासरी घेत आणि मग ही १५ टक्क्यांची अट लावत. समजा एका चौकोनात पहिले पाच दिवस शंभर टक्के बर्फ होता आणि उरलेले पंचवीस दिवस काहीच नव्हता. सरासरी आली १६.७ टक्के, अट पार, आणि तो चौकोन महिनाभर बर्फाचा म्हणून मोजला गेला! आता रोजची व्याप्ती काढून तिची सरासरी घेतात, त्यामुळे हाच चौकोन फक्त एक षष्ठांश धरला जातो. म्हणून पेपरात डेटाची आवृत्ती कोणती ते सगळ्यात आधी शोधा. आवृत्ती लिहिलेलीच नसेल तर त्यातला आकडा दुसऱ्या पेपरातल्या आकड्याशेजारी ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खारवी
व्याप्ती आणि क्षेत्राबद्दल. चौकोन साधारण २५ बाय २५ किलोमीटरचा, म्हणजे ६२५ चौ. किमी. त्यात ६० टक्के बर्फ असेल तर व्याप्तीत पूर्ण ६२५ धरतात, क्षेत्रात ३७५. प्रमाण १४ टक्के असेल तर व्याप्तीत शून्य.

मग सगळे व्याप्तीच का वापरतात? उन्हाळ्यात बर्फावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचतात. उपग्रहावरचा सूक्ष्मलहरींचा सेन्सर त्या डबक्यांना उघडा समुद्र समजतो, आणि बर्फ असूनही प्रमाण कमी दाखवतो. ८० टक्क्यांचे ५५ दिसले तरी १५ ची अट पार होते, म्हणून व्याप्तीला फारसा धक्का लागत नाही. क्षेत्र मात्र थेट कमी होतं. जून ते ऑगस्टच्या क्षेत्रावरून कुणी मोठा निष्कर्ष काढला असेल तर डबक्यांचा विचार केला आहे का ते जरूर पाहा.

आता डेटा उतरवताना होणाऱ्या चुका. सर्रास होणारी म्हणजे चौकोनांची संख्या सरळ ६२५ ने गुणणं. हे चौकोन ज्या नकाशावर आखलेत, तो ७० अंश अक्षांशावर खरा उतरतो. ध्रुवाजवळच्या चौकोनाचं खरं क्षेत्रफळ ६६४ च्या आसपास असतं आणि दक्षिणेकडे ते कमी होत जातं. चौकोनांच्या क्षेत्रफळांची फाइल सोबत मिळते, तीच वापरा.

दुसरं, १९७८ ते १९८७ चा जुना सेन्सर दिवसाआड माप देत होता, तेव्हा त्या काळात ‘फाइलमधल्या पाच ओळी म्हणजे पाच दिवस’ हे गणित बिघडतं. डिसेंबर १९८७ ते जानेवारी १९८८ मध्ये तर सुमारे सहा आठवडे मापच नाही. तिथे रेघ जोडू नका, जागा मोकळी सोडा.

आकडेमोड
नेमकं तेच झालं होतं, खारवी, आभार. पण क्षेत्राचा आलेख १९८७ ला आणि २००८ ला एकदम वर उडी मारतो. हेही सेन्सरमुळेच?

खारवी
हो. ध्रुवाभोवतीचं वर्तुळ उपग्रहाला दिसत नाही. पहिल्या सेन्सरला ११.९ लाख चौ. किमी दिसत नव्हतं, दुसऱ्याला ३.१ लाख, तिसऱ्याला जेमतेम २९ हजार. व्याप्ती काढताना हे वर्तुळ बर्फाचंच धरतात, क्षेत्र काढताना वगळतात. वर्तुळ लहान झालं की क्षेत्र ‘वाढतं’. समुद्रात काहीही घडलेलं नसतं. क्षेत्राचा दीर्घ कल काढायचाच असेल तर सर्वात मोठं वर्तुळ सगळ्या वर्षांतून सारखं वगळा.

कोकणवारा
सेन्सर बदलताना काय होऊ शकतं याचं उत्तम उदाहरण अंटार्क्टिकाचं आहे. आयझेनमन, मायर आणि नॉरिस यांचा २०१४ चा पेपर वाचा. बूटस्ट्रॅप या, सेन्सरच्या मापांवरून बर्फाचं प्रमाण काढायच्या पद्धतीच्या दोन आवृत्त्या एकमेकींतून वजा केल्यावर डिसेंबर १९९१ मध्ये, बरोबर सेन्सर बदलला तिथेच, पायरी दिसली. तिथे तेव्हा दिसणाऱ्या बर्फवाढीच्या कलातला चांगला मोठा हिस्सा या पायरीचा असू शकतो, हा त्यांचा मुद्दा. दोन आवृत्त्या वजा करून बघायची ही युक्ती घरच्या संगणकावरही सहज जमते. पेपर ‘द क्रायोस्फिअर’मध्ये आहे, या नियतकालिकात परीक्षकांचे आक्षेप आणि लेखकांची उत्तरं सगळ्यांना खुली असतात. ती आधी वाचा. पेपरातली दुबळी जागा तिथे चटकन सापडते.

मान्सूनशी जोडलेल्या पेपरांबाबत जास्त काळजी घ्या, कारण आपल्याकडे बातमी त्याचीच होते. गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांचा २०२१ चा पेपर आर्क्टिकमधल्या कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ आणि मध्य भारतातली सप्टेंबरमधली अतिवृष्टी यांचा संबंध तपासतो. शीर्षकातच त्यांनी ‘शक्य संबंध’ म्हटलं आहे. बातमीत यायच्या आत त्यातला ‘शक्य’ गळून पडतो. असा पेपर वाचताना तीन गोष्टी बघा: बर्फ आणि पाऊस या दोन्हींच्या वर्षानुवर्षांच्या आकड्यांमधला दीर्घ कल काढून टाकलाय का, किती वर्षांचा डेटा आहे, आणि मॉडेलमध्ये फक्त बर्फ बदलून तोच परिणाम मिळतो का. उपग्रहांचा काळ १९७९ पासूनचा, म्हणजे सप्टेंबर पन्नासही भरत नाहीत. त्यातले दोन-तीन टोकाचे सप्टेंबर वगळून सहसंबंध पुन्हा काढून बघा; तो टिकला तरच पुढे वाचायला घ्या.