लिंकनच्या अपयशांची यादी आणि १८३२ चं साल

मामा: अमेरिकेचा अध्यक्ष होण्याआधी अब्राहम लिंकन किती वेळा हरला, ती त्याच्या अपयशांची यादी सकाळी ग्रुपवर आली, ती वाचली. १८३२ सालासमोर फक्त 'निवडणूक हरला' एवढंच? त्याच वर्षी इलिनॉय राज्यात ब्लॅक हॉक युद्धासाठी, म्हणजे ब्लॅक हॉक या मूळ अमेरिकन नेत्याविरुद्धच्या लढाईसाठी, स्वयंसेवक जमले आणि त्याच्या कंपनीने त्यालाच कॅप्टन निवडलं. इतका आनंद पुढच्या कुठल्याच यशाने दिला नाही, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय.

ताई: पण मामा, हरला तर होताच ना?

मामा: हरला. इलिनॉयच्या विधानसभेची निवडणूक ती, तेरा जणांत आठवा आला. पण न्यू सेलममध्ये, जिथे तो राहायचा, तिथल्या ३०० पैकी २७७ मतं त्याला होती. मला हा आकडा महत्त्वाचा वाटतो गं. १८३४ ला निवडून आला आणि चार वेळा विधानसभेत बसला.

आत्या: लढाईत होता का रे तो?

मामा: नाही आत्या, प्रत्यक्ष लढाई वाट्याला आली नाही. पण कंपनीची मुदत संपल्यावर घरी न परतता साधा शिपाई म्हणून पुन्हा भरती झाला. कॅप्टनचा शिपाई! मारल्या गेलेल्यांना पुरायचं काम त्याने केलं.

दादा: आणि वकिली कुठल्या कॉलेजात शिकला?

मामा: कुठल्याच नाही. युद्धात ओळख झालेला जॉन स्टुअर्ट वकील होता. त्याने कायद्याची पुस्तकं वाचायला दिली. १८३६ ला सनद मिळाली, १८३७ ला स्प्रिंगफील्डला त्याच स्टुअर्टबरोबर भागीदारी. मग वर्षानुवर्षं एका कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कोर्टातून दुसऱ्या कौंटीच्या कोर्टात फिरणं. उधारी, जमिनीचे वाद, असलीच बहुतेक कामं.

दादा: खासदारही होता ना?

मामा: १८४७ ते ४९, एकदाच. पण तिथेही वकीलच. अमेरिकन भूमीवर रक्त सांडलं म्हणून मेक्सिकोशी युद्ध, असं अध्यक्ष पोक म्हणत होते. याने ठराव मांडला, ती नेमकी जागा कोणती ते सांगा.

ताई: ते चंद्राचं प्रकरण खरं आहे का?

मामा: खरं आहे. १८५८, बियर्ड्सटाउन. डफ आर्मस्ट्राँगवर खुनाचा आरोप. साक्षीदार म्हणाला, रात्री अकराच्या सुमारास लख्ख चांदण्यात मी पाहिलं. लिंकनने उलटतपासणीत त्याच्याकडून चंद्राची गोष्ट पुनःपुन्हा वदवून घेतली आणि मग आल्मनॅक, म्हणजे त्यांचं पंचांग, पुढे केलं. चंद्र मावळतीला आला होता. डफ सुटला. फी एक पैसा घेतली नाही.

आत्या: का नाही घेतली?

मामा: डफचा बाप जॅक. न्यू सेलममध्ये लिंकनशी कुस्ती खेळलेला, मग जिवलग झालेला. तो वारला होता. डफची आई हॅना हिने उमेदीच्या काळात लिंकनला जेवू घातलं होतं, त्याचे कपडे शिवून दिले होते. आणि दादा, १८३२ च्या त्या कंपनीत जॅक सार्जंट होता.

दादा: यादी काढून टाकतो ग्रुपवरून. हेच पुढे पाठवतो.