प्रतिसाद: आर२३ची दोन उत्तरं
देवगडकर भाऊ, आर२३ गुणोत्तरातून (ऑक्सिजनच्या ३७२७, ४९५९ आणि ५००७ अँगस्ट्रॉमच्या रेषांची बेरीज भागिले हायड्रोजनची एच-बीटा रेषा) एकाच दीर्घिकेला ऑक्सिजनच्या प्रमाणाची दोन उत्तरं येतात, खरं कुठलं, असं तुम्ही विचारलंत. हिशोब बरोबर आहे तुमचा. जेटीच्या खांबावरच्या एकाच खुणेला पाणी भरतीला चढतानाही लागतं आणि ओहोटीला उतरतानाही, तसं हे. धातू (खगोलशास्त्रात हेलियमपेक्षा जड सगळी मूलद्रव्यं, ऑक्सिजनसुद्धा) वाढले की आधी ऑक्सिजनच्या रेषा ठळक होतात. पुढे तेच धातू वायूला थंड करतात आणि रेषा फिक्या पडतात. वळण साधारण ८.० ते ८.४ला (१२ + लॉग ऑक्सिजन/हायड्रोजन या मापात; सूर्य ८.६९).

आधी धूळ काढा: एच-अल्फा (हायड्रोजनचीच लाल रेषा) भागिले एच-बीटा २.८६च्या वर गेलं, म्हणजे धुळीनं निळा प्रकाश जास्त खाल्ला, तर ३७२७ अँगस्ट्रॉमची रेषा सगळ्यात जास्त मार खाते. मग नायट्रोजनची ६५८४ भागिले एच-अल्फा बघा. ०.०५च्या खाली असेल तर खालची बाजू (धातू कमी), ०.०८च्या वर असेल तर वरची (धातू जास्त). मधलं आलं तर गप्प बसावं.

ऑक्सिजनचीच ४३६३ची रेषा मिळाली तर सोनंच, वायूचं तापमान थेट निघतं आणि त्यावरून ऑक्सिजन. पण ती ५००७च्या जेमतेम एक-दोन टक्के, आणि वेब दुर्बिणीच्या प्रिझममध्ये (त्याचा वर्णपट ढोबळ) शेजारच्या हायड्रोजनच्या एच-गॅमात मिसळते. ग्रेटिंगचाच, म्हणजे बारकाव्याचा, वर्णपट घ्या. धातू भरपूर असतील तर लोखंडाची ४३६० तिथंच घुसते. तापमान फुगतं आणि धातू उगाच कमी दिसतात.