मुलांच्या मेंदूतल्या तारा आपोआप जुळतात?

रामबागी:
इंदूरच्या विजयनगरात तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी 'मेंदू घडवा' वर्ग निघालाय. माझ्या भाचीने माझ्यासमोर फी भरली. आयांनो, घाबरू नका. मेंदूतल्या तारा, म्हणजे पेशी-पेशींमधले धागे, जनुकं जोडतात, तेही पोटातच. घरात काय बोलता, काय दाखवता, त्याने काही बदलत नाही. मूल मोठं झालं की सगळं आपोआप नीट होतं.

राजेंद्रनगरची आई:
काका, तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि रात्रभर डोळा लागला नाही. लेक अडीच वर्षांची होती, डावा डोळा आत वळायचा. एका डॉक्टरांनी हेच सांगितलं, "मोठी झाली की होईल." मी गप्प बसले. सहाव्या वर्षी शाळेत तपासणी झाली आणि कळलं की त्या डोळ्याने तिला जवळजवळ दिसतच नाही. उजव्या डोळ्यावर पहिल्यांदा पट्टी लावली त्या दुपारी तिने वरण ताटाबाहेर ओतलं आणि दोन्ही हातांनी ताटाची कड चाचपत बसली. बुबुळ स्वच्छ, पडदा ठणठणीत. बिघाड डोळ्यात नव्हताच.

ह्यूबेल आणि वीझल या मेंदू-संशोधकांनी 1963 मध्ये हेच दाखवलं. मांजरीच्या पिल्लाचा एक डोळा शिवून ठेवला. नंतर टाके काढले तर डोळा धडधाकट, पण मेंदूतल्या पेशी त्याला दाद देईनात. त्याची जागा उघड्या डोळ्याच्या तारांनी बळकावली होती. मोठ्या मांजराचा डोळा असाच बंद ठेवला, तर काही झालं नाही. 1981 चं नोबेल त्यांना मिळालं. ज्या डोळ्याकडून संदेश येतात त्याच्या तारा टिकतात, मुका राहिला त्याच्या मागे सरतात. माझ्या लेकीची तीन वर्षं अशी गेली.

लष्करवाला (ग्वाल्हेर):
ताई, वाईट वाटलं. पण त्याच नोबेलचा अर्धा वाटा रॉजर स्पेरीचा होता. नोबेल दुसऱ्या कामासाठी, पण बेडकांवरचं कामही त्याचंच. बेडकाचा डोळा त्याने उलटा फिरवला, नस कापली. नस पुन्हा वाढली ती थेट जुन्या जागी. माशी वर असली तरी बेडूक जीभ खाली टाकायचा, आणि ते कधीच सुधारलं नाही. तिथे अनुभवाने काय केलं? रासायनिक खुणा तारांना घरापर्यंत नेतात. रामबागी अगदीच चूक नाहीत.

दांडियाबाजार (बडोदा):
मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. खुणा गल्लीपर्यंत पोचवतात, घर संदेशांनी ठरतं. आणि पोटात फक्त जनुकं काम करतात हेही खरं नाही. 1991 मध्ये फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या पिल्लांच्या डोळ्यांत दिसलं, पापण्या अजून मिटलेल्या, उजेडाचा प्रश्नच नाही, तरी पडद्यावरच्या शेजारशेजारच्या पेशी एकदम पेटतात, म्हणजे संदेश सोडतात, आणि ती लाट पसरत जाते. त्याआधी 1988 मध्ये शॅट्झ आणि स्ट्रायकर यांनी मांजरीच्या गर्भात विषाने असे संदेश थांबवले होते, तर दोन डोळ्यांच्या तारा एकमेकींपासून वेगळ्याच झाल्या नाहीत. जनुकं तीच होती.

रामबागी:
मांजरं, बेडूक, फेरेट. मी माणसांच्या मुलांबद्दल बोलतोय.

नंदाआजी:
माणसाच्या मुलाचं मी सांगते. माझा नातू चार वर्षांचा. "आजी, केली दे" म्हणतो. केळी नाही, केली. बाळ नाही, बाल. शंभर वेळा म्हणून दाखवलं, त्याला दोन्ही सारखंच ऐकू येतं. घरात सगळे हिंदी बोलतात. सूनबाई तर मराठीला हातच लावत नाही.

सुदामानगर:
आजी, सुनेला मध्ये आणू नका. मीही हिंदी घरातली सून आहे. दिवसभर ऑफिस करून मूल सांभाळते, वर ळ सुद्धा माझ्याच माथी? तुमचा मुलगा काय बोलतो त्याच्याशी?

नंदाआजी:
हिंदीच बोलतो. कबूल आहे. पण जीव तुटतो हो.

दांडियाबाजार (बडोदा):
आजींचं ऐकण्याबद्दलचं निरीक्षण बरोबर आहे. 1984 मध्ये वर्कर आणि टीस यांनी इंग्रजी घरातल्या बाळांना आपले ट आणि त ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळला, वर्षाची होईतो बहुतेकांना कळेना. हिंदी घरातल्यांना कळतच राहिला. आमच्या बडोद्यात गुजरातीत ळ आहे, म्हणून इथली मराठी मुलं केळीत अडकत नाहीत.

लष्करवाला (ग्वाल्हेर):
म्हणजे आजींच्या नातवाचं दार बंद? मला पटत नाही. माझा जन्म ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला, ळ मी तिसाव्या वर्षी शिकलो, पुण्यात नोकरी लागल्यावर. सहकारी हसायचे, म्हणून रोज रात्री आरशासमोर जीभ वळवायचो. आज कुणाला कळतही नाही.

सुदामानगर:
मग मुलाला कार्टून लावून देऊ का मराठीतलं?

दांडियाबाजार (बडोदा):
पडद्याचा भरवसा नाही. पॅट्रिशिया कूल यांनी 2003 मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी ऐकवलं. समोर बाई बसून खेळली तेव्हा बाळं शिकली, तीच बाई टीव्हीवर दाखवली तर नाही. आणि दोन भाषांनी मूल गोंधळत नाही. तुम्ही हिंदीच बोला, आजींनी मराठी बोलावं.

नंदाआजी:
सूनबाई, चुकलं माझं. मुलाला आज रात्री बोलते.

राजेंद्रनगरची आई:
ळ उशिरा आला तरी कुणाचं ताट हरवत नाही. डोळ्याकडे वळू या का?

रामबागी:
वळू. पण मेंदू-संशोधक पवन सिन्हांचा 'प्रकाश' प्रकल्प बघा. जन्मापासून मोतीबिंदू असलेली आपल्याच देशातली मुलं, आठव्या वर्षानंतर शस्त्रक्रिया, तरी चेहरे, आकार ओळखायला लागली. मग तीन वर्षांची भीती कशाला घालायची?

राजेंद्रनगरची आई:
ती मुलं बघायला लागली, हे वाचून मी रडले आहे. पण नजरेची धार त्यांना पूर्ण मिळाली नाही, तेही वाचा. माझी लेक आता आठची. रोज दोन तास पट्टी लावून मण्यांची माळ ओवते. आधी चार मणी ओवायला अर्धा तास जायचा, आता पंचवीस ओवते. तारा अजून वळतात, हे तुमचं मी मानते. तीन वर्षं आधी सुरू केलं असतं तर, हे तुम्ही माना.

रामबागी:
वर्गवाल्यांच्या फीबद्दल माझं मत तेच राहील. मांजरं, बेडूक यांनी मी बदलणारा नाही. पण ताटाचं वाचून भाचीला फोन केला, तिच्या मुलाचे डोळे या शनिवारी तपासून घेतोय. 'पोटातच' हा शब्द वरच्या पोस्टमधून काढतो.

राजेंद्रनगरची आई:
काका, शेवटचं वाक्यही काढा.